राखणदाराची राखण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत ‘क्रीडाक्षेत्रातील स्त्री’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय विस्तीर्ण आहे. नामवंत स्त्री-खेळाडूंची नामावळी वाचून दाखवायची म्हटले, तरी ठरलेली वेळ अपुरी पडेल आणि आपल्या पदरी नावांखेरीज फारसे काही पडणार नाही. म्हणून एकाच खेळाडूची कारकीर्द अथपासून इतिपर्यंत आपल्यासमोर ठेवावी, असे मी ठरविले आहे. ही खेळाडू मराठी नाही आणि भारतीयही नाही. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाची गोलरक्षक ब्रियाना स्करी हे तिचे नाव. मी तिचा उल्लेख एकेरी करणार आहे. आवडत्या खेळाडूला आपण ज्या जिव्हाळ्याने ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणतो, त्याच जिव्हाळ्याने तो समजून घ्यावा.

प्रथम गोलरक्षकाच्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अकरा जणींच्या संघात दहा जणींनी चेंडूला मुद्दाम हात लावला तर तो अपराध ठरतो. अकरावीला मात्र आपल्या क्षेत्रापुरती ती मुभा असते. तिचा सदराही इतरांहून वेगळ्या रंगाचा. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा चौकटीची राखण तिच्याकडे असते. आघाडीच्या खेळाडूने नऊ संधी दवडल्या आणि दहाव्या वेळी गोल केला, तर तिला खांद्यावर उचलून घेतात. गोलरक्षकाने नऊ फटके अडविले आणि दहावा निसटला, तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत चर्चा होते ती दहाव्याची. तिने उत्तम काम केले, याची धावफलकावरील खूण म्हणजे एक शून्य. आपल्याकडे जोंधळा हुरड्यात आला म्हणजे माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार असतो. खळ्यावर रास पडते तेव्हा सगळे रास मोजतात. पाखरांच्या चोचीतून वाचलेले दाणे वेगळे काढून कोणी मोजीत नाही. गोलरक्षकाचे श्रेय हे असे न मोजलेल्या दाण्यांचे असते.

ब्रियानाचा जन्म ७ सप्टेंबर १९७१ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनिॲपोलिस येथे झाला. नऊ भावंडांत ती धाकटी. त्याच राज्यातील डेटन नावाच्या लहानशा गावी ती वाढली. भोवतालची वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्या लोकांची आणि हे कुटुंब कृष्णवर्णीय. सभोवतीच्या समाजाहून आपण निराळे दिसतो, याची जाणीव तिला लहानपणीच झाली असली पाहिजे. परप्रांती संसार मांडलेल्या आपणां सर्वांना त्या जाणिवेची थोडी तरी कल्पना करता येईल. पण तिच्या वाट्याला आलेले निराळेपण त्वचेच्या रंगाचे होते आणि ते भाषेच्या निराळेपणापेक्षा खचितच अधिक जड होते.

१९८० सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या तरुण आइस हॉकी संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला हरविले. आठ वर्षांच्या ब्रियानाने तो पराक्रम दूरचित्रवाणीवर पाहिला आणि आपणही ऑलिंपिकमध्ये खेळायचे, असा निश्चय केला. बाराव्या वर्षी ती फुटबॉल खेळू लागली, ती मुलांच्या संघातून. प्रशिक्षकांनी तिला गोलजाळ्यासमोर उभे केले. त्यामागे तिच्या गुणांची पारख नव्हती. मुलीच्या जातीला ही जागा सर्वांत सुरक्षित, असा त्यांचा काळजीपोटी केलेला हिशेब होता. हा हिशेब आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याची आठवण करावी लागणार आहे.

तिच्या पिढीला एका कायद्याने हात दिला. १९७२ साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात जे नववे प्रकरण समाविष्ट झाले, त्यानुसार सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई झाली. कायदा करणाऱ्यांच्या मनात मुख्यतः प्रवेशाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न होता. परंतु त्याचा सर्वांत दृश्य परिणाम मैदानावर झाला. विद्यापीठांना मुलींचे संघ उभारावे लागले, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. ब्रियाना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात राज्यशास्त्र शिकली आणि त्याच विद्यापीठाच्या संघाची गोलरक्षक झाली. पुढे वकिलीचे शिक्षण घ्यावे, असा तिचा विचार होता. तेवढ्यात राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले. मार्च १९९४ मध्ये पोर्तुगालविरुद्ध ती पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली आणि त्यात तिने एकही गोल होऊ दिला नाही.

त्यानंतरची काही वर्षे चढत्या कमानीची होती. १९९५ च्या विश्वचषक स्पर्धेत अमेरिकेला तिसरे स्थान मिळाले. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या फुटबॉलला प्रथमच प्रवेश मिळाला. अंतिम सामना जॉर्जिया राज्यातील ज्या गावी झाला, त्याचे नाव अथेन्स. चीनला २-१ असे हरवून अमेरिकेने सुवर्णपदक मिळविले आणि आठव्या वर्षी केलेला निश्चय ब्रियानाने चोविसाव्या वर्षी पुरा केला.

मग आला १९९९ चा विश्वचषक. स्पर्धा अमेरिकेतच होती. १० जुलै रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील रोझ बोल मैदानावर अमेरिका आणि चीन यांच्यात अंतिम सामना झाला. प्रेक्षक होते ९०,१८५. त्यापूर्वी स्त्रियांच्या कोणत्याही क्रीडा-सामन्यास इतकी गर्दी लोटल्याची नोंद नव्हती. नव्वद मिनिटे झाली, जादा वेळेची तीस मिनिटे संपली, तरी दोन्ही बाजूंना शून्य. जादा वेळेत चीनच्या फान युनजिएने डोक्याने मारलेला चेंडू ब्रियानाला चुकवून गोलरेषेपर्यंत गेला होता. तो क्रिस्टीन लिलीने रेषेवरूनच परतविला. राखणदारालाही कोणीतरी राखावे लागते, याचे हे एक उदाहरण त्याच सामन्यात घडले.

निकाल आता पेनल्टी फटक्यांवर येऊन ठेपला. चेंडू गोलरेषेपासून छत्तीस फुटांवर ठेवलेला. मारणारीने तो नीट मारला, तर तो पाहून मग झेप घेण्याइतका अवधीच उरत नाही. गोलरक्षकाला अंदाज बांधून त्यावर सर्वस्व पणाला लावावे लागते. दोन्ही बाजूंचे पहिले दोन-दोन फटके जाळ्यात गेले. चीनची तिसरी खेळाडू लिऊ यिंग पुढे आली. एरवी ब्रियाना फटका मारण्यास येणारीकडे पाहत नसे. त्या वेळी मात्र तिने पाहिले. लिऊ यिंगच्या चालण्यात तिला काही जाणवले आणि हाच फटका आपण अडविणार, असे मनाने घेतले, असे तिने पुढे सांगितले आहे. ती डावीकडे झेपावली आणि दोन्ही हातांनी तिने चेंडू बाहेर लोटला. पुढचे सगळे फटके दोन्ही बाजूंनी अचूक मारले. अमेरिकेच्या वतीने पाचवा फटका ब्रँडी चेस्टेनने जाळ्यात मारला आणि ५-४ असा निकाल लागला.

फटका बसण्यापूर्वीच ब्रियाना रेषा सोडून पुढे सरकली होती, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. चित्रफीत पाहता आक्षेपात तथ्य आहे. गोलरक्षकाने रेषेवर डावी-उजवीकडे हलावे, पुढे येऊ नये, असा नियम होता. पंचांनी तो फटका वैध मानला आणि निकाल कायम राहिला. तिच्या कर्तबगारीचा गौरव करताना हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. क्रीडाप्रेमी माणसाने दोन्ही गोष्टी जवळ बाळगाव्यात.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत जे छायाचित्र झळकले, ते शेवटचा गोल करून गुडघ्यांवर बसलेल्या चेस्टेनचे. तिचा आनंद खरा होता आणि तिचा मान तिला मिळाला, हे उचितच झाले. परंतु निकाल ज्या एका अडवणुकीने फिरला, ती करणारी स्त्री त्या चित्रात नव्हती. संघात कृष्णवर्णीय खेळाडू अगदी मोजक्या. जाहिरातदारांनी आणि नियतकालिकांनी ज्या चेहऱ्यांना पुढे केले, त्यांत तिचा चेहरा मागे राहिला, ही गोष्ट तिने पुढे स्वतः बोलून दाखविली आहे.

यशानंतर उतार लागला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दुखणी आणि वाढलेले वजन यांमुळे तिची जागा गेली. सिरी मलिनिक्स खेळली आणि ब्रियाना राखीव खेळाडूंत बसली. फुटबॉलमध्ये आघाडीला दोघी-तिघींना वाव असतो. गोलजाळ्यासमोर मात्र एकच जागा. जिची ती गेली, तिला बाकावर बसून वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ब्रियानाने शरीर पुन्हा घडविले आणि जागा परत मिळविली. २००४ साली ऑलिंपिक ग्रीसमध्ये, खऱ्याखुऱ्या अथेन्स नगरीत झाले. अंतिम सामन्यात ब्राझीलला जादा वेळेत २-१ असे हरवून तिने दुसरे सुवर्णपदक मिळविले. आठ वर्षांच्या अंतराने दोन सुवर्णपदके, आणि दोन्ही अथेन्स नावाच्या गावांशी जोडलेली.

२००७ च्या विश्वचषकातील प्रसंग कटू आहे. चीनमधील त्या स्पर्धेत होप सोलो ही तरुण गोलरक्षक उत्तम खेळत होती. उपांत्य सामन्याच्या आधी प्रशिक्षक ग्रेग रायन यांनी तिला वगळून छत्तीस वर्षांच्या ब्रियानाला उभे केले. ब्राझीलविरुद्धची तिची पूर्वीची कामगिरी हे त्यांचे कारण. अमेरिका ४-० अशी हरली. निर्णय चुकला, ते फटके मी अडविले असते, असे सोलोने जाहीरपणे सांगितले. जी जागा ब्रियानाने मागितली नव्हती, त्या जागेचे अपयश तिच्या माथी आले.  २००८ पर्यंत तिचे आंतरराष्ट्रीय सामने १७३ झाले होते.

श्रोतेहो, कारकीर्द येथे संपती, तर आपण तिला एका यशस्वी खेळाडूची कथा म्हटले असते. मला जे सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे आहे.

२५ एप्रिल २०१०. ब्रियाना तेव्हा वॉशिंग्टन फ्रीडम या व्यावसायिक संघाकडून खेळत होती. एक खालून आलेला साधा चेंडू उचलण्यासाठी ती डावीकडे वाकली. धावत आलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा तिच्या उजव्या कानशिलावर बसला. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. ती उठली, चेंडू तिच्या हातात होता, पंचांनी खेळ पुढे चालू ठेवला. डोळ्यांपुढे धूसर दिसत होते, तोल जात होता; तरी मध्यंतरापर्यंत ती उभी राहिली. मध्यंतराला तिने संघाच्या वैद्यकीय साहाय्यकाला आपल्याला बरे वाटत नसल्याचे सांगितले. त्या दिवसानंतर ती पुन्हा कधीही सामना खेळली नाही. मुलीच्या जातीला सर्वांत सुरक्षित म्हणून जी जागा दिली गेली होती, त्याच जागी हे घडले.

या दुखापतीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. आपला मेंदू कवटीत द्रवाच्या आधाराने असतो. डोक्याला अकस्मात जोराचा धक्का बसला की मेंदू आतल्या आत हिंदकळतो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. वैद्यकशास्त्रात यास कन्कशन म्हणतात; आपण मेंदूचा हादरा म्हणू. रक्त येत नाही, हाड मोडत नाही, शुद्ध हरपतेच असे नाही आणि नेहमीच्या छायाचित्र-तपासणीत बहुधा काही दिसतही नाही. डोकेदुखी, चक्कर, उजेड आणि आवाज सहन न होणे, विस्मरण, चिडचिड, झोपेचा बिघाड, उदासी अशी त्याची लक्षणे. बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. काहींचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर धोका फार वाढतो. मुली आणि मुले एकच खेळ खेळत असता मुलींमध्ये या दुखापतीचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

ब्रियानाचे दुखणे रेंगाळले. उपचारांच्या खर्चासाठी विमा कंपनीशी तिला दीर्घकाळ झगडावे लागले. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला आपण आजारी आहोत हे पटवून देणे किती कठीण असते, याचा अनुभव आपल्यापैकी काहींना घरच्या आजारपणात आला असेल. काम नाही, पैसा नाही, डोके अखंड ठणकते आहे. एकदा एका धबधब्याच्या काठी उभी असता सगळे संपवून टाकावे, असे तिच्या मनात आले. आईच्या विचाराने ती मागे फिरली, असे तिने स्वतः सांगितले आहे. अखेर दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके तिने अठरा हजार डॉलरांना गहाण ठेवली.

घरातले सोने गहाण टाकणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दागिना पेढीवर जातो त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ही पदके तर आठव्या वर्षीच्या निश्चयाची होती. नव्वद हजार लोकांनी जिच्या नावाचा गजर केला, तिच्यावर अकरा-बारा वर्षांत ही वेळ आली आणि तिच्या देशातील फार थोड्या लोकांना त्याचा पत्ता होता.

या काळात तिला साहाय्य केले ते क्रिसा झिझोस या स्त्रीने. त्यांचा जनसंपर्काचा व्यवसाय होता. त्यांनी ब्रियानाची बाजू लोकांसमोर मांडण्याचे काम हाती घेतले, पदके सोडवून आणण्यास मदत केली. पुढे २०१८ साली दोघींनी विवाह केला. तज्ज्ञ डॉक्टरांनी डोकेदुखीचे मूळ शोधले. डोक्याच्या मागील बाजूच्या मज्जातंतूंना इजा झाली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि साडेतीन वर्षांनी ती डोकेदुखी थांबली.

बरी होताच तिने पहिली गोष्ट केली ती ही, की बोलू लागली. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे खेळातील सुरक्षिततेविषयी तिने साक्ष दिली. शाळांतून, सभांतून आपली हकीगत सांगितली. जी गोष्ट लपविण्याकडे खेळाडूंचा कल असतो, ती तिने उघड केली. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल गौरवदालनात तिची निवड झाली. त्या दालनात निवडली गेलेली ती पहिली स्त्री-गोलरक्षक आणि पहिली कृष्णवर्णीय स्त्री. २०२२ साली तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘माझी सर्वांत मोठी अडवणूक’ असा होतो. आणि नियमही हळूहळू बदलले. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी नेहमीच्या बदल्यांखेरीज एक कायमचा बदली खेळाडू उतरविण्याची तरतूद २०२१ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २०२४-२५ च्या हंगामापासून स्पर्धांना ती स्वीकारण्याची मुभा नियमावलीतच मिळाली. खेळाडूने शौर्याखातर मैदानात उभे राहावे, ही अपेक्षा त्या प्रमाणात कमी झाली.

आता हे सारे आपल्यापुढे मांडण्याचे प्रयोजन सांगतो. स्त्रियांचा फुटबॉल आता आपल्या दाराशी आला आहे. २०२२ साली आशियाई महिला चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाले. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत रंगला; काही सामने गोव्यात मडगावला झाले. भारताची गोलरक्षक आदिती चौहान २०१५ साली इंग्लंडमधील वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. आपल्यापैकी कित्येकांच्या मुली आणि नाती शाळेच्या मैदानावर चेंडूमागे धावतात. त्यांना धावू द्यावे. तिथे पडणे-झडणे आहे म्हणून घरी बसवू नये. फक्त एक पथ्य पाळावे. मुलगी मैदानावरून येऊन डोके जड आहे, अक्षरे हलतात, उजेड सोसत नाही असे म्हणाली, तर ‘अभ्यास टाळते आहे’ असे न म्हणता तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा. तिला विश्रांती द्यावी, डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी संमती दिल्यावाचून पुन्हा खेळू देऊ नये. जखम दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे मानू नये.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाविषयी. पन्नास वर्षांत या व्यासपीठावर अनेकांचे सत्कार झाले, ते योग्यच होते. पण गणेशोत्सवाच्या अकराव्या दिवशी भांडी मोजून ठेवणाऱ्या, हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या, परगावाहून रात्री-अपरात्री आलेल्या अनोळखी मराठी कुटुंबाला दार उघडणाऱ्या व्यक्तीही आपल्यात आहेत. त्यांतील काही आता थकल्या आहेत, काही सभांना येईनाशा झाल्या आहेत. त्या का येत नाहीत, त्यांची प्रकृती कशी आहे, औषधपाण्याची व्यवस्था आहे ना, हे कोणी जाऊन पाहिले आहे का? सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग या कामासाठी वेगळा काढावा आणि दर महिन्यास दोन सभासदांनी अशा घरी जाऊन यावे, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. ब्रियानाची पदके गहाण पडली, ती कोणाच्या दुष्टपणामुळे पडली नाहीत. ती कशी आहे, हे वेळेवर विचारणारे कोणी तिच्याजवळ नव्हते. आपल्या मंडळात असे कोणाच्या बाबतीत घडू नये.